आत्याने नाताळबाबाला मारलं

३ डिसेंबर, रविवार

सोडणार नाही मी तिला. नाही म्हणजे नाही!

चर्चपासून घरापर्यंत धाकटा भोकाड पसरून ओरडत होता — "आत्याने नाताळबाबाला मारलं! आत्याने नाताळबाबाला मारलं!" रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर टोपी काढून हळूच विचारलं, कोण गेलं हो? काय सांगणार, कपाळ!

झालं असं. मोठी संडे स्कूलमधून बाहेर आली आणि फाटकातच भावाला म्हणाली, "नाताळबाबा कोणी नसतो. सगळं आई आणते. आत्याने सांगितलं." बस्स. एवढं बोलून खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. आठ वर्षांची पोर, आणि चेहरा असा, जणू उद्या शाळेला सुट्टी नाही एवढंच सांगितलं. धाकटा पाच वर्षांचा. तो तिथेच जमिनीवर बसला.

आत्या म्हणजे माझी नणंद. मुलांच्या बाबाची मोठी बहीण. संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग तीच घेते. तोंडावर मी ताई म्हणते. इथे फूटपट्टी म्हणणार. सरळ, कडक, आणि लागते!

खरं बोलण्याचा मक्ता घेतलाय तिने. नवऱ्याला पुरलं त्या दिवशी मी पोरांना जवळ घेऊन सांगत होते, बाबा झोपलेत, येशूच्या घरी जाऊन उठणार. ही मागून आली. "झोपलेत म्हणू नकोस, पोरं झोपायला घाबरतील. वारलेत म्हण." सगळ्यांसमोर! दफनाच्या दिवशी! दीड वर्ष झालं, गिळून बसले आहे ते वाक्य. आता हे.

धाकटा आत्ता उशीत तोंड खुपसून हुंदके देतोय. मोठी गृहपाठ करतेय. आणि मी हे लिहितेय, पेन मोडेल इतकं दाबून.

४ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. सकाळपासून कानाला हेडफोन. कपडे धुण्याची मशीन बिघडली की लोक आमच्याकडे फोन करतात. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" — आज किती जणांना म्हटलं! एक बाई मला गाढव म्हणाली. दिलगीर आहोत. एकाने माझ्या सात पिढ्या काढल्या. दिलगीर आहोत.

आणि प्रत्येक वेळी मनात एकच: मला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर कोण?

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "जा की सरळ. तोंडावर विचार."

जातेच.

५ डिसेंबर

गेले होते. पोरांना शेजारणीकडे ठेवलं आणि ऑफिसातून परस्पर गेले. फूटपट्टी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दार उघडलं तर हात पिठाने भरलेले. बस म्हणाली. नाही बसले.

"ताई, मोठीला तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं."

अशी! पापणी न हलवता!

"कोणाला विचारून?"

"तिने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं."

"आठ वर्षांची आहे हो ती!"

"आठ वर्षांच्या मुलीला खोटं कळत नाही असं वाटतं तुला?"

"मग मला सांगायचं! मी आई आहे. मी सांगितलं असतं, माझ्या पद्धतीने. नाताळच्या तोंडावर लेकरांचा एवढासा आनंद काढून घेऊन काय मिळालं तुम्हाला?"

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. नळाखाली हात धरले. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, "पोरीकडे लक्ष दे जरा."

लक्ष दे! मला सांगते! सकाळी डबे भरून, दोघांना शाळेत सोडून, दिवसभर परक्यांच्या शिव्या खाऊन, घरी येऊन पुन्हा चूल-पाणी-अभ्यास-आंघोळी करणाऱ्या बाईला! जिच्या मागेपुढे कोणी नाही ती मला शिकवणार पोरं कशी सांभाळायची!

जिना उतरता उतरता ठरवलं. आता बघाच, ताई. तुमची सगळ्यात लाडकी गोष्ट काय? तो वर्ग. तो वर्ग आणि ते नाताळचं नाटक. दरवर्षी त्या देवदूतांची पिसं सारखी करत मिरवता ना?

तेच काढून घेते.

६ डिसेंबर

सूड म्हटलं की लोकांना आरडाओरडा वाटतो. आरडाओरडा करणाऱ्यांचं काही होत नाही. फोनवर रोज बघते मी. जो किंचाळतो त्याची मशीन महिनाभर तशीच पडून राहते. जो मऊ आवाजात म्हणतो, "नाही हो, तक्रार नाही करत आहे, फक्त कानावर घालतोय" — त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी माणूस हजर.

मला येतो तो आवाज. पोटासाठी शिकलेय.

७ डिसेंबर

आधी पोरांचं निस्तरायला हवं होतं. संध्याकाळी टेबलावर मटार सोलायला घेऊन बसवलं दोघांना. म्हटलं, आज खरी गोष्ट सांगते. नाताळबाबाची. बायबलात नाही ही, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

सांगितलं — खूप खूप वर्षांपूर्वी एक बिशप होता, निकोलस नावाचा. त्याच्या गावात एका गरीब माणसाला तीन मुली. घरात खायला नाही. पोरी विकायची पाळी आली. हे निकोलसच्या कानावर गेलं. तो अंधार पडल्यावर गुपचूप गेला आणि त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. कोणाला नाव कळू दिलं नाही.

धाकटा: "खिडकी उघडी? मग चोर नाही शिरले?"

"नाही शिरले."

"थैली कोणाच्या डोक्यात पडली का?"

"नाही रे."

"त्याला पोट होतं?"

म्हटलं, बिशप होता, उपास करायचा, बारीकच असणार. हे काही त्याला पटलं नाही. पण ऐकत राहिला. मग मी सांगितलं की तो गेल्यावर लोकांना वाटलं, हे काम थांबायला नको. म्हणून घरोघरी आईबाबा त्याच्यासारखं गुपचूप द्यायला लागले. लाल डगला, दाढी, हरणं, हे सगळं मागाहून गंमत म्हणून चिकटलं. "म्हणजे मी तुम्हाला फसवत नव्हते. त्याचं काम करत होते."

धाकट्याने मटार खाली ठेवले. डोळे हे एवढे!

"आई! तू नाताळबाबा आहेस?"

"तसंच काहीतरी."

"मग दाढी कुठाय?" आणि हसत सुटला. सुटले बाई एकदाची, म्हणून मीही हसले. तोच याचा पुढचा प्रश्न — "मग येशू पण तूच का?"

हातातली शेंग टाकली मी. नाही, नाही, येशू वेगळा, येशू खरा, असं घाईघाईने काय काय सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि शेंगेतल्या अळीशी खेळायला लागला.

मोठी इतका वेळ मान खाली घालून शेंगा उघडतेय. मग एकदम — "तो मेला ना? निकोलस?"

"हो गं. शेकडो वर्षं झाली."

"मग त्याच्याकडे काही मागितलं तर ऐकू कोणाला जातं?"

"मला," म्हटलं. "मी ऐकते."

"सगळं?"

"सगळं."

माझ्याकडे बघत राहिली. अगदी निवांत, एखाद्या म्हातारीसारखी. "नाही ऐकत," म्हणाली आणि रिकाम्या शेंगा उचलून कचऱ्यात टाकायला गेली.

माझा शब्द खरा वाटत नाही माझ्या लेकीला! हे केलं फूटपट्टीने. नुसता नाताळबाबा नाही मारला.

८ डिसेंबर

"मग येशू पण तूच का?" हे वाक्य वाया घालवायचं नाही. जपून ठेवलंय.

९ डिसेंबर, शनिवार

पहिले फोन केले. चर्चमधल्या मुलांच्या आयांना. एक दर्जीण, एक नर्सबाई, आणि ती केकवाली, जिच्या जुळ्यांना फूटपट्टीने च्युइंगम खाल्लं म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

आवाज मऊ. "नाही हो, तक्रार नाही. फक्त विचारतेय. तुमचं बाळ काही म्हणालं का घरी? म्हणजे ताईंनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, नाताळबाबा नसतो, तुमचे आईबाप खोटं बोलतात असं..."

सगळ्यांसमोर सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. आईबाप खोटं बोलतात हे तर मीच घातलं. जरा मीठ लावल्याशिवाय चव येत नाही.

केकवाली पेटली! "असं म्हणाली? थांबा, विचारते पोरांना." घटकाभरात तिचाच फोन — "पोरं म्हणतात आठवत नाही, पण म्हणाली असेल! ती बाई काहीही म्हणू शकते!"

झालं. आता मला काही करावं लागणार नाही. ही एकटी दहा घरं फिरेल.

१० डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर फाटकाशी घोळका. मी गेले की आवाज खाली, आणि सगळ्यांची नजर मायेची. दर्जीण माझा हात दाबून म्हणाली, "बिचारी! एक तर नवरा गेला, वर हे."

फूटपट्टी बाजूने गेली. कोणी तिला वाट दिली नाही, कोणी अडवलीही नाही. नुसते गप्प झाले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

पाहा, पाहा! नीट पाहा!

११ डिसेंबर

छान झोप लागली. कित्येक महिन्यांनी.

१३ डिसेंबर

चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. भला माणूस. घशासाठी सतत खडीसाखर चघळतात आणि भांडणाला भितात. ते "बघू, बघू" करत होते. नाताळ तोंडावर आलाय, नाटकाच्या तालमी चालू आहेत, ताई इतकी वर्षं करताहेत...

मी डोळे खाली केले. म्हटलं, "साहेब, तक्रार नाही. पण माझा धाकटा गेल्या आठवड्यात विचारत होता, नाताळबाबा आई, तर मग येशू पण आईच का?"

खडीसाखर घशात अडकली. खोकून खोकून लाल झाले. पाणी द्यावं लागलं.

"असं म्हणाला?"

"हो ना. आणि मोठी तर रात्रीची दचकून उठते."

हे मात्र धादांत खोटं. मोठी दगडासारखी झोपते. पण एव्हाना घाटातली गाडी सुटली होती. थांबवायची इच्छाही नव्हती.

साहेब म्हणाले, रविवारी बसू.

१५ डिसेंबर

मोठी विचारत होती, "आत्याशी कोणी बोलत का नाही?"

म्हटलं, ज्याचं त्याला माहीत. दात घास.

१७ डिसेंबर, रविवार

जिंकले!

नीट लिहिते. एकही गोष्ट विसरायची नाही.

चर्चच्या मागची, वरच्या मजल्यावरची खोली. पोरांना अंगणात खेळायला पाठवलेलं. साहेब मधे, आया एका बाजूला, फूटपट्टी समोरच्या खुर्चीत एकटी, पर्स मांडीवर. ती राखाडी साडी, पिना जिथल्या तिथे.

साहेबांनी आडवळणं घेत घेत विचारलं, "ताई, नाताळबाबाविषयी मुलांना आपण काही... म्हणजे, असं काही सांगितलंत का?"

"सांगितलं."

खोलीत कुजबुज. मला वाटलं होतं, नाही म्हणेल. निदान म्हणेल, सगळ्यांना नाही सांगितलं. ते म्हटलं असतं तर माझी पंचाईत होती. नाही म्हटलं!

साहेब: "पण का? काही कारण घडलं का?"

तिने मांडीवरची पर्स सरळ केली.

"ताई, मंडळींना कळायला हवं. कोणी विचारलं होतं का? कसं निघालं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. अंगणात मोठी दोरीवरच्या उड्या मारत होती, तिकडे. मग म्हणाली, "कारण मी सांगू शकत नाही. सांगितलं एवढं खरं आहे."

बस्स! केकवालीने तोंड सोडलं. भिंतीकडे तोंड केलेले जुळे, फाडलेलं चित्र, "गाणं म्हणतेस की भांडी घासतेस" म्हणून हिणवलेली दर्जिणीची पोर... सगळं बाहेर आलं. मी एक शब्द बोलले नाही. रुमाल घेऊन बसले होते फक्त. रुमालाने जे होतं ते भाषणाने होत नाही.

साहेबांनी शेवटी म्हटलं, ताईंनी आता विश्रांती घ्यावी. वर्गापासून. नाटकापासूनही. आणि माझ्याकडे वळून, "आपण घ्याल का हाती? आठवडाच उरलाय."

मी? मी! मी मान डोलावली. अशी, जड मनाने.

फूटपट्टी उठली. पर्समधून कपड्यांच्या कपाटाची चावी काढून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल. "दोन पंखांच्या तारा वाकल्यात," म्हणाली. "पोरांना टोचतात. आधी त्या बघ."

आणि गेली. पाठ तशीच ताठ. जिना उतरतानाही कठड्याला हात लावला नाही.

झोपलेत म्हणू नकोस, नाही का? घ्या आता!

१८ डिसेंबर

मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक नंबर!" पेढे मागत होती. दोन फोनांच्या मधे हसत होते आम्ही.

२० डिसेंबर

तालीम. देव करो आणि दुसऱ्याच्या पोरांना शिकवायची वेळ वैऱ्यावरही न येवो! मेंढपाळ एकमेकांना काठ्यांनी बडवतात. योसेफ मरियेला हात लावायला तयार नाही, शी म्हणतो. धाकटा मेंढी झालाय, पण मेंढी भुंकते. तीन ज्ञानी पुरुषांपैकी दोन भांडले आणि तिसरा रडला.

ही माणसं फूटपट्टीसमोर एका रांगेत उभी राहायची. कशी करायची कोण जाणे. भीतीच घालत असणार, दुसरं काय!

पंखांच्या तारा सरळ केल्या. बोट कापलं. कपाटात प्रत्येक पोशाखाला आतून चिठ्ठी शिवलेली — कोणत्या पोराला कुठे सैल करायचा, कोणाला लोकर खाजते. बारीक अक्षर. चिठ्ठ्या उसवून टाकाव्यात म्हणून कात्री घेतली होती. मग म्हटलं, राहू दे, उपयोगी आहेत.

२२ डिसेंबर

मोठीने देवदूत व्हायला नकार दिला. दरवर्षी होते. का गं? "नको." काय झालं? "काही नाही. पडदा ओढते मी."

तेही फूटपट्टीच्याच खाती. मेली जिथे हात लावेल तिथे सुकतं.

२४ डिसेंबर, रविवार

झालं नाटक. झालं म्हणजे, संपलं. बेथलेहेमचा तारा पडला, पण टाळ्या पडल्या. साहेबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं, सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. केकवालीने मिठी मारली.

फूटपट्टी आली होती. सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आड. तिच्या शेजारची जागा रिकामी, त्या जागेच्या शेजारचीही. मेंढी भुंकली तेव्हा सगळे हसले, ती नाही. तिचे ओठ मात्र हलत होते — सगळ्या पोरांचे सगळे संवाद, पुटपुटत, एक शब्द पुढे.

मला वाटलं होतं, हे बघून पोटभर गार वाटेल. वाटलं. जरासं वाटलं.

पडदा ओढून झाल्यावर मोठी कुठे दिसेना. शोधते तर मागच्या बाकावर. आत्याच्या शेजारी. मी बोटाने खूण केली, चल. आली निमूट.

२५ डिसेंबर, सोमवार

केक कापला. मोठी म्हणाली, "आत्याला ठेव."

म्हटलं, कशाला? जिने तुला सगळ्या वर्गासमोर —

"वर्गासमोर नाही. जिन्यात. मी एकटीच होते."

हातातली सुरी तशीच राहिली. ती बशीकडे बघत बोलत होती, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा. "मीच विचारलं तिला. गेल्या नाताळला मी नाताळबाबाला सांगितलं होतं, बाबांना आण. नाही आणलं. मग मला वाटलं मी उशिरा सांगितलं असेल. म्हणून आत्याला विचारलं, या वेळी आधीच सांगू का. ती पायरीवर बसली. म्हणाली, नाही गं बाळा, तो कोणी नसतो. बाबा आता येणार नाहीत, वाट नको बघूस. मी म्हटलं आईला सांगू नकोस मी असं मागितलं होतं ते. तुला वाईट वाटेल ना, म्हणून. ती म्हणाली, कोणालाच नाही सांगणार. मग खूप वेळ रडली."

"कोण रडली?" मी विचारलं. "तू?"

"नाही. आत्या."